टोमॅटोवरील काळा डाग आणि कॅल्शियमची वाट

टोमॅटोच्या फळावर देठाच्या विरुद्ध टोकास काळपट, खोलगट, चामड्यासारखा डाग दिसला की अनेक ठिकाणी प्रथम कीटकनाशकाचीच फवारणी केली जाते. वस्तुतः या डागास कोणतीही कीड जबाबदार नसते. फळ पोखरणाऱ्या अळीचे छिद्र गोलाकार असते, त्यालगत विष्ठा आढळते आणि पुष्कळदा अळीचे अर्धे शरीर फळाबाहेर असते. येथे छिद्रच नसते. ही फळात कॅल्शियम कमी पडल्याने उद्भवणारी विकृती होय.

अणुक्रमांक २० असलेले हे मूलद्रव्य हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विलग केले. भूकवचातील विपुलतेत ते पाचवे आहे. चुनखडी, हाडे, गोगलगायीचे कवच ही त्याची परिचित रूपे. वनस्पतीत ते पेक्टिनशी जोडले जाऊन शेजारच्या पेशी सांधून ठेवते. हा सांधा सैल झाला की ऊती ढासळतात.

मग चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतही डाग का दिसतो? अडचण बहुधा साठ्याची नसते, वाहतुकीची असते. कॅल्शियम जलवाहिन्यांतून पाण्याबरोबर चढते आणि जेथे बाष्पोत्सर्जन अधिक तेथे, म्हणजे पानांकडे, वळते. फळातून बाष्पोत्सर्जन अल्प, म्हणून त्याचा वाटाही अल्प. पानात पोहोचलेले कॅल्शियम रसवाहिन्यांतून फळाकडे जवळजवळ परतत नाही. (मावा याच रसवाहिन्यांतील रस शोषतो; त्या रसात कॅल्शियम फारच कमी असते.) जमीन कधी कोरडी, कधी तुडुंब राहिली की हा पुरवठा खंडित होतो. अमोनियमयुक्त नत्र व पालाश यांचा अतिरेक कॅल्शियमच्या शोषणास अडथळा आणतो.

म्हणून पहिला उपाय नियमित ओलिताचा आणि आच्छादनाचा. फळे लहान असतानाच कॅल्शियम नायट्रेट ०.५ टक्के, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, फळांवर पडेल अशा रीतीने फवारल्यास काही साहाय्य होते. केवळ पाने भिजवून उपयोग नाही. डाग पडलेले फळ मात्र सुधारत नाही. ठिबकमधून देताना हे खत फॉस्फेट वा सल्फेटयुक्त खतांत मिसळू नये. साका बसून तोट्या बंद होतात.

गंमत अशी की अळीच्या देहातही कॅल्शियम निर्णायक असते. क्लोरअँट्रानिलिप्रोल अळीच्या स्नायूंतील कॅल्शियमचे साठे अनियंत्रितपणे मोकळे करते. स्नायू आखडतात, खाणे थांबते आणि अळी मरते. ज्या फळावर अळीच नाही, त्यावर हे महागडे औषध फवारून काय साधणार?