टिपऱ्यांचे पाच ठोके

लोणी देवकर

चि. बाळू यास,


माचितो या क्यूबन बँडवाल्याचा 'केनिया' अल्बम लावलास आणि गोंगाट वाटला म्हणून दोन गाण्यांतच बंद केलास, हे वाचून जीव हळहळला. ढोलकीवर हात बसलेल्या पोराने तो असा सोडू नये.

तू ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या मागे लागलास. तिथून सुरुवात करू नकोस. भजनात पखवाज कितीही घुमू दे, मेळ धरून ठेवतो तो टाळकरी. क्यूबाच्या संगीतात ते काम क्लावेचं. आपल्या टिपऱ्यांसारख्याच दोन आखूड लाकडी दांड्या. त्रितालासारख्या सोळा मात्रा मोज आणि टाळी दे पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. आधी तीन, मग दोन. यातली पहिली आणि तेरावी आपल्या त्रितालाशी जुळतात, मधल्या तिन्ही निसटतात. हात चुकेल, चुकू दे. कधी हे उलटंही येतं, आधी दोन आणि मग तीन. पुष्कळदा तर दांड्या वाजतच नाहीत, वादक ते ठोके मनात धरून असतात. ते तुला सापडले की 'केनिया'च्या १९५७ मधल्या ध्वनिमुद्रणात कँडिडो आणि पटाटोचे कोंगा ढोल आणि मँग्वालचा बोंगो वेगवेगळे ऐकू येतील. ॲडर्लीचा सॅक्सोफोन त्यानंतर. आठवडाभर एकच गाणं ऐक. आणि मोबाईलच्या स्पीकरवर नको, कोंगाचा खर्ज त्यात मरतो. इथे सोलापूर हायवेचे ट्रक रात्रभर चालू असतात, म्हणून मी हेडफोन लावूनच बसतो.

परकं म्हणून टाकू नकोस. हे संगीतच दोन घरचं. हवानात शिकलेला मारिओ बाउसा न्यूयॉर्कच्या जाझ बँडांत वाजवून तयार झाला आणि १९४३ मध्ये माचितोच्या बँडसाठी त्याने 'टांगा' हे गाणं बांधलं. आपल्याकडेही ते लवकरच पोचलं. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात बोंगो घुमवले. त्यांच्या सोबतीला गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होता. त्याच चित्रपटातल्या भगवानदादांच्या एका नाचात क्यूबन झालरीच्या बाह्या घालून तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. तो नाच पुन्हा बघ, पण या वेळी पायांकडे नको, वाद्यांकडे कान दे.

माळ्यावरच्या टिपऱ्या काढून पुसून ठेवल्यात. दिवाळीला आलास की मी ते पाच ठोके धरतो, तू ढोलकीवर सुचेल ते वाजव.

तुझा,
मामा