टंचाईतले धुणे आणि धुणाऱ्यांचे हात

दुष्काळ बीड जिल्ह्याला नवा नाही. १९७२ चा दुष्काळ घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेला आहे. त्यानंतर २०१२-१३, मग लागोपाठ २०१४-१५ आणि २०१५-१६, पुढे २०१८-१९. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यातही आपले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तालुके होते. प्रत्येक वेळी पिकांची, जनावरांची, छावण्यांची आणि टँकरची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण दुसऱ्याचे मळके धुण्यावरच ज्यांचे पोट आहे, अशी माणसेही आपल्या गावांत राहतात. परीट, लाँड्रीवाले, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, हॉटेलात कपबशा विसळणारे, मंगल कार्यालयात पातेली घासणारे, गाड्यांची वॉशिंग सेंटर चालवणारे, दवाखान्याच्या चादरी धुणारे. पाणी तुटले की यांचा धंदा बसतो, हे कोणालाही समजते. मात्र धंदा चालू ठेवण्यासाठी जेव्हा ते कमी पाण्यात तेवढेच काम उरकतात, तेव्हा आजार दोन्हीकडे जातो. धुणाऱ्याच्या हातावर जातो आणि ज्याचे कपडे त्याच्या अंगावरही जातो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार करू.

टंचाईत पाण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी पिण्याचे, मग जनावरांचे आणि उरले तर बाकीच्यांचे. गरज पडली तर खासगी विहिरी व बोअर प्रशासन अधिग्रहित करते. ग्रामीण भागात टँकरने माणशी दिवसाला २० लिटर पाणी देण्याचे माप असते. वीस लिटर म्हणजे एक मोठी बादली. त्यात पिणे, स्वयंपाक, आंघोळ, भांडी सर्व आले. धंद्यासाठी पाणी हवे असेल तर विकत घ्या, असा याचा सरळ अर्थ होतो.

शेजारच्या लातूरने २०१६ साली काय पाहिले ते वाचकांच्या स्मरणात असेल. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला आहे. ते आटले. मार्च महिन्यात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८२ हजार होती. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. त्या दिवसांत काही दवाखान्यांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याच्या बातम्या आल्या होत्या. शस्त्रक्रियेला पाणी कशाला, असे कोणी विचारील. डॉक्टरचे हात, हत्यारे, फरशी आणि चादरी हे सगळे धुतल्याशिवाय शस्त्रक्रिया होत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरावर २०१८ साली अशीच वेळ आली. तेथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली आणि घरी नळाच्या पाण्याने गाडी धुण्यास मनाई झाली. पण गाड्या धुण्याचे धंदे सरसकट बंद केले नाहीत. निम्मे पाणी तरी गाळून पुन्हा वापरले पाहिजे, अशी अट त्यांना घातली. माझ्या मते हा मार्ग शहाणपणाचा आहे. गाडी धुतलेले पाणी निवळून पुन्हा गाडीलाच वापरले तर कोणी आजारी पडत नाही. ते पाणी कपबशांना मात्र चालणार नाही.

कमी पाण्यात खळबळणे

दुष्काळात पाणी नुसते कमी होत नाही, ते बदलतेही. बोअर जसजसा खोल जातो तसतसे पाण्यातले क्षार बहुधा वाढतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरी साय तेवढी येते. मग साबण जास्त, पावडर जास्त, धुण्याचा सोडा जास्त. आणि खळबळायला पाणी मात्र कमी. परिणामी साबण-सोडा कपड्यातच राहतो. बनियन, चड्डी, ब्लाऊजच्या काखा, तान्ह्या बाळाची दुपटी, म्हणजे जेथे घाम आणि घर्षण असते, तेथे खाज सुटते, कातडी लाल होते. रुग्ण येऊन म्हणतो, “उष्णता झाली असेल.” उष्णता नव्हे, कपड्यातला सोडा.

येथे एक साधा हिशेब सांगतो. शाळेतल्या अपूर्णांकांपलीकडे त्यात काही नाही. समजा पिळलेल्या कपड्यांत साबणाचे दोन लिटर पाणी शिल्लक आहे आणि खळबळायला तुमच्याकडे वीस लिटर आहे. सगळे वीस लिटर एकदम घेतले तर पिळल्यावर कपड्यात पूर्वीच्या अकराव्या हिश्श्याइतका साबण राहतो. तेच पाणी दहा-दहा लिटर करून दोनदा घेतले आणि मध्ये कपडे घट्ट पिळले तर छत्तिसावा हिस्सा राहतो. तीन वेळा विभागून घेतले तर सुमारे ऐंशीवा. पाणी तेवढेच! आमच्या बायाबापड्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे, पण घाईत मोठ्या टबात एकदाच बुचकळून काढण्याची सवय लागली आहे. भांड्यांनाही हाच नियम लागू पडतो.

शेवटचे स्वच्छ पाणी फेकू नये. ते पुढच्या घाण्याला भिजवण्यासाठी घ्यावे. पाणी नेहमी स्वच्छाकडून मळक्याकडे जावे, उलट नव्हे. आणि एका घरचे पाणी दुसऱ्या घरच्या कपड्यांना वापरायचे असेल तर पुढचा भाग वाचल्याशिवाय वापरू नये.

गजकर्ण, खरूज आणि भट्टी

गेल्या काही वर्षांत गजकर्णाने देशभर उच्छाद मांडला आहे. पूर्वी दोन आठवड्यांच्या मलमाने जाणारा आजार आता महिनोन्महिने हटत नाही. बुरशीने औषधांना दाद न देणे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टिरॉइडमिश्रित ट्यूब. लावल्याबरोबर खाज थांबते, बुरशी मात्र आतून पसरत जाते. या बुरशीचे बीज कपड्यांवर महिनोन्महिने टिकू शकते. थंड पाण्यात, एकाच टबात चार घरचे कपडे बुचकळले तर एका घरचे गजकर्ण चौघांना प्रसादासारखे वाटले जाते.

जुन्या परटांची भट्टी आठवा. सोड्याच्या पाण्यात भिजवलेले कपडे वाफेवर तासन्‌तास ठेवत. ते डाग जावेत म्हणून करत असतील, पण त्या उष्णतेत जंतूही मरत. ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम पाण्यात अर्धा तास कपडा राहिला तर बुरशी टिकत नाही. भट्टी गेली, थंड पाण्याचे मशीन आले, आणि टंचाईत तर गरम पाण्याचे नावच नाही. निदान ज्या घरात गजकर्ण आहे त्या घरचे कपडे वेगळे भिजवावेत, गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून कडक उन्हात वाळवावेत आणि शिवणीवर गरम इस्त्री फिरवावी. ऊन आपल्याकडे फुकट आहे, दुष्काळात तर जास्तच.

खरजेचे तसे नाही. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर झाला की साधारण दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणून पाणी नसेल तर अंथरूण-पांघरूण आणि वापरलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावेत. धुण्याची घाई नाही. औषध मात्र घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे.

धुणाऱ्याचे हात

हॉटेलात कपबशा विसळणाऱ्याचे हात कधी निरखून पाहा. बोटांच्या बेचक्यांत पांढरट, ओलसर, सोललेली कातडी दिसेल. पायाला होतात तशाच या हाताच्या चिखल्या. नखाच्या कडा सुजलेल्या, दाबले की दुखणाऱ्या. यालाच आपण नखुरडे म्हणतो. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात राहिले की कातडीचे नैसर्गिक तेल जाते, भेगा पडतात आणि त्यांत बुरशी व जंतू शिरतात. टंचाईत तेच ते फेसाळ पाणी दिवसभर वापरले जाते, त्यामुळे प्रकार वाढतो. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन बेचके कोरडे पुसावेत आणि खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे. रबरी हातमोजे चांगले, पण आत घाम साचतो. आत पातळ सुती मोजा घालावा आणि मधूनमधून काढावा. नखुरडे सुईने फोडू नये. आणि चिखल्या औषधाने हटत नसतील तर रक्तातील साखर एकदा तपासून घ्यावी. अनेकांना मधुमेह आहे हे असेच कळते.

धुणीभांडी करणाऱ्या बायांची आणखी एक तक्रार असते, ती त्या सहसा सांगत नाहीत. ज्या घरी काम करतात तेथे टंचाईच्या नावाखाली संडास वापरू दिला जात नाही. मग सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, असा त्यांचा उपाय. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार गेलेला असताना यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग आणि मुतखडा संभवतो. जिच्या हातून आपली भांडी स्वच्छ होतात तिला एक तांब्या पाणी आणि संडास नाकारणारे घर कितीही चकचकीत असले तरी मी त्याला स्वच्छ म्हणणार नाही. कोळशाच्या इस्त्रीवर बंद टपरीत उभे राहणाऱ्यांनी दार उघडे ठेवावे. उष्माघाताइतकाच कोळशाचा विषारी वायूही घातक आहे. डोके दुखून चक्कर आली तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

दवाखान्याच्या चादरी

हा भाग आम्हा डॉक्टरांना लागू आहे. लहान दवाखान्यांच्या चादरी, गाऊन बहुधा बाहेर धुवायला जातात. रक्ताचे, पुवाचे, बाळंतपणाचे कपडे गाठोड्यात बांधून परटाच्या हवाली केले की आपली जबाबदारी संपली, असे मानण्याची रीत आहे. टंचाईत ते गाठोडे लोकांच्या कपड्यांच्याच पाण्यात जाण्याचा धोका असतो. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून डाग लागलेले कपडे दवाखान्यातच वेगळे काढून, ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास भिजवून मगच बाहेर द्यावेत. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असते. तेव्हा एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम पावडर घेतली की अर्धा टक्क्याचे द्रावण होते. पावडर उघडी राहिली की तिची ताकद जाते, हे विसरू नये. धुणाऱ्याला जाड हातमोजे द्यावेत आणि हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी, दवाखान्याने स्वतःच्या खर्चाने द्यावेत. चादरींच्या धुलाईच्या बिलापुढे हा खर्च फार नाही.

हॉटेलवाल्यांनी घासून खळबळलेल्या कपबशा शेवटी दहा लिटर पाण्यात सपाट चहाचा चमचाभर, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम, ब्लिचिंग पावडरची निवळी टाकून त्यात एक-दोन मिनिटे बुडवाव्यात आणि न पुसता निथळू द्याव्यात. मळक्या फडक्याने पुसल्यास सर्व श्रम वाया जातात. केशकर्तनालयात वस्ताऱ्याचे पाते प्रत्येकाला नवे हवे, त्याला पाणी लागत नाही. टॉवेल धुणे परवडत नसेल तर गिऱ्हाईकाने आपला टॉवेल घरून न्यावा.

ॲसिड, ब्लिचिंग आणि मलकुंड

पाणी कमी म्हणून संडास ॲसिडने साफ करण्याकडे कल वाढतो. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. दोन्ही मिळून क्लोरिन वायू निघतो आणि बंद संडासात तो काही श्वासांतच छाती भरून टाकतो. असे झाले तर सर्व तेथेच सोडून बाहेर यावे, डोळे पाण्याने धुवावेत, दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठावा.

संडासात पाणी कमी पडले की मलकुंडातला गाळ घट्ट होतो, तुंबतो, आणि कोणाला तरी आत उतरवण्याचा मोह होतो. आतल्या विषारी वायूचा वास सुरुवातीला येतो, पण तो वाढला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आणखी खाली उतरतो. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात मलकुंड साफ करताना पाच जण दगावले. अशा ठिकाणी एकामागून एक माणसे जातात ती पहिल्याला वाचवायला उतरल्यामुळे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला मलकुंडात किंवा गटारात उतरवणे हा गुन्हा आहे, आणि मृत्यू झाल्यास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. कुंड उपसायला नगरपालिकेची किंवा खासगी उपसा गाडी बोलवावी. गाडी गल्लीत येत नसेल तर लांब पाइप लावता येतो. कोणी आत पडलाच तर मागोमाग उडी घेऊ नये. दोर वरून सोडावा, झाकणे सर्व उघडावीत, अग्निशमन दलाला १०१ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करावा.