तिला जास्त नको, मऊ हवं

तुझ्या म्हाताऱ्या घोडीला चंदी किती द्यायची, ते मग बोलू. आधी तुझ्या मनातली बोच काढते. "म्हातारं झालं की घोडं वाळणारच," असं तुला घरीदारी सगळे सांगतात ना? ऐकून घे, पण मानू नकोस. वयानं तोंडावर पांढरे केस येतात, पाठ थोडी खचते, सांधे आखडतात. फासळ्या वर येतात त्या मात्र नुसत्या वयामुळे नाही. त्यामागे कारण असतं, आणि म्हाताऱ्या घोडीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा तिच्या तोंडात असतं.

म्हणून चंदी वाढवण्याआधी गव्हाणीपाशी बस आणि तिला खाताना बघ. तोंडात चारा घोळवून त्याचे ओले बोळे खाली टाकते का? एकाच बाजूनं चावते का, मान वाकडी करते का? तोंडाला घाण वास येतो का? मग लीद फोडून बघ. अख्खे हरभरे किंवा बोटाच्या पेराएवढे लांब धागे निघाले, तर तुझा पैसा सरळ उकिरड्यावर चाललाय असं समज.

घोड्याच्या दाढा आपल्यासारख्या एकदा येऊन थांबत नाहीत. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर अशा त्या हिरडीतून वर सरकत राहतात आणि चावून झिजतात. त्यातही खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होते. ती गालाला आणि जिभेला कापते. पंचविशीच्या पुढे तर दाढ हिरडीत उरतच नाही, हलते, पडते. धार काढायला डॉक्टर कानस फिरवतात. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, तेव्हा तिथे आधी विचार की घोड्याच्या दाढांचं काम कोण करतं. नाही जमलं तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथे चौकशी कर. तुमच्याकडून ते काही फार लांब नाही. वर्षातून एकदा तोंड तपासायलाच हवं, म्हातारीचं दोनदा.

आणि वयाचं म्हणशील, तर सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घेताना जे सांगितलं तेच खरं धरून बसू नकोस. वरच्या जबड्यात समोरचा अगदी कडेचा दात बघ. त्यावर एक उभी तपकिरी खाच असते. ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीशी दिसू लागते, पंधराव्याला निम्म्या दातावर येते, विसाव्याला पूर्ण दातभर. अंदाजच तो, पण "बारा वर्षांची" म्हणून घेतलेली घोडी कधी कधी त्यावरून अठराची निघते आणि मग बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आता वजन. डोळ्यांवर विश्वास ठेवू नको. थंडीतले दाट केस फासळ्या लपवतात आणि चाऱ्यानं तटतटलेलं पोट घोडी जाड असल्याचं भासवतं. हात फिरव. टेक्सासमधल्या हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक ते नऊ अशी मोजणी बसवली, ती जगभर वापरतात. पाचवर असलेल्या घोड्याच्या फासळ्या दिसत नाहीत, पण हाताला लागतात. तीनच्या आसपास फासळ्या सहज दिसतात, पाठीचा कणा आणि शेपटीचं मूळ वर येतं. शिवाय शिंप्याची टेप घे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३२३ किलो येतं. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच माणसानं मोजायचं आणि वहीत लिहायचं.

आता खाणं. बाई गं, आपल्या भागात घोडं वाळलं की लोक दोनच गोष्टी करतात: हरभरा दुप्पट करतात, नाहीतर गूळ-तूप सुरू करतात. दोन्हीपेक्षा तिची वैरण आधी सुधार. घोड्याचं पोट चाऱ्यासाठी बनलेलं आहे. ३०० किलोच्या घोडीला दिवसाला साडेचार ते सहा किलो तरी कोरडा चारा लागतो. पूर्वी कडबा मुबलक होता. आता शिवारभर सोयाबीन, म्हणून सोयाबीनचं कुटार तिच्यापुढे पडतं. ते टणक, काडीदार. चांगल्या दातांच्या घोड्यालाही नकोसं, तिला तर कसं चावेल? गव्हांडाही कोरडा देऊ नको. कडब्याची बारीक कुट्टी कर आणि तासभर भिजवून दे. लसूण घास मिळाला तर सोनंच. मऊ, प्रथिनं भरपूर, कॅल्शियमही. पण हिरव्या घासात पाचातले जवळजवळ चार हिस्से पाणीच असतं, हे विसरू नको. दहा किलोचा भारा टाकलास तरी कोरडा चारा जेमतेम दोन किलो. भारा मोठा दिसला म्हणून पोट भरलं असं होत नाही.

चंदी भिजलेली, भरडलेली, पातळ खिचडीसारखी असू दे. हरभरा रात्रभर भिजवून सकाळी भरड, त्यात शिजवलेले जव. एका वेळी एक किलोच्या आत, आणि दिवसातून चार वेळा. एकदम तोबरा भरून दिला की दाणा न पचता पुढे जातो आणि पोटशूळ होतो. गव्हाचा कोंडा मूठभर ठीक, रोजचा मुख्य घास म्हणून नको. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, महिनोन्‌महिने खाऊ घातला तर हाडं पोकळ होतात. तुपावर जो पैसा जातो तो गोड्या तेलावर घाल. तेलात दाण्याच्या दुपटीहून जास्त ताकद असते. पण घोड्याला पित्ताशय नसतं, म्हणून सुरुवात दोन चमच्यांनी, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत दिवसाला एक वाटी, तीही दोन-तीन घासांत वाटून. खवट वास आला तर ते तेल टाकून दे.

जीव तीळतीळ तुटतो म्हणून आता जे सांगते ते नीट ऐक. तुमच्याकडे घाटाखाली आणि घाटावर दोन्हीकडे मका पिकतो, आणि काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की कणसाला बुरशी धरते. तो मका विकला जात नाही, म्हणून जनावरांपुढे पडतो. घोड्यापुढे मुळीच नको. त्या बुरशीतलं विष घोड्याचा मेंदू सडवतं, घोडं भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, आणि त्यावर इलाज नाही. धुऊन, वाळवून, भाजूनही देऊ नको. कच्चं सोयाबीनही नको. त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. सोयाबीनची पेंड मात्र चांगली, अर्ध्या पावापासून सुरू कर. सरकीच्या ढेपीवर हिची भिस्त ठेवू नको. आणि गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य शेजाऱ्यानं प्रेमानं दिलं तरी घेऊ नको. त्यातल्या काहींत मोनेन्सिन असतं, गाईला चालतं, घोड्याला थोड्यानंही मारतं.

गूळ मी पूर्ण बंद करायला सांगत नाही, पण आधी एक बघ. उन्हाळा सुरू होऊनही तिचे लांब केस झडले नाहीत, पाणी फार पिते, पाठीवरचं मांस उतरलंय पण पोट लोंबतंय? असं असेल तर कुशिंगचा आजार असू शकतो. पंधराच्या पुढच्या घोड्यांत तो बराच आढळतो. त्यात गूळ आणि जास्त दाणा दिला की खुरांत सूज येऊन घोडं पाय टाकेनासं होतं. त्याला औषध आहे, पण रक्ततपासणीनंतरच.

दात ठीक, खाणं ठीक, तरी वाळतेय? मग जंत. लीद तपासून घे, नुसतं दर महिन्याला औषध पाजत बसू नको. पावसाळ्यानंतर अधूनमधून ताप, पायांवर आणि पोटाखाली सूज, खाऊनही अंग न धरणं, ही सर्राची लक्षणं असतात. गोमाशांमुळे पसरणारा रोग आहे तो. आणि नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी दिसल्या तर हात न लावता डॉक्टर बोलाव. तो ग्लँडर्स असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करता येतो.

पाणी दिवसाला पंधरा-वीस लिटर, वैशाखात तीसच्या वर. थंडीत कोमट दे, म्हाताऱ्या घोड्यांना गार पाणी दातांना झोंबतं आणि त्या कमी पितात. कमी प्यायल्या की आतडं तुंबतं. चमचाभर खडे मीठ रोज. आणि तिला इतर जनावरांच्या दावणीला बांधून खायला घालू नको. ती सावकाश खाणार, तरणं घोडं तिला हुसकावून तिचा घास उचलणार. वेगळ्या कोपऱ्यात, तासभर निवांत.

एक भीती मनात असू दे. खाताना मान ताणली, नाकातून चारा आणि लाळ येऊ लागली, तर घशात घास अडकलाय. अशा वेळी कुणीतरी नळकांडं आणि तेल घेऊन धावत येतंच. त्याला थांबव. ते फुप्फुसात जातं. चारा काढून घे, तिला शांत उभी कर, डॉक्टर येईपर्यंत काही पाजू नको.

राहिला लग्नसराईचा प्रश्न, जो तू पत्रात लिहिलाच नाहीस पण मला कळला. तिच्या कमाईवर घर चालतं, "बसून खाणारं तोंड" असं कुणीतरी म्हणालंय. हिशेबानंच उत्तर दे. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत भार चालतो, खोगीर धरून. ३०० किलोच्या धडधाकट घोडीला साठ किलो. नवरदेव आणि सजावट मिळून सत्तरच्या वर जातात, वर जनरेटरचा आवाज आणि डांबरावर दोन-तीन तास. हिच्या फासळ्या दिसत असताना तर साठही नको. तुळशीच्या लग्नापर्यंत महिने आहेत. दाढा तपासून घे, तेल सुरू कर, दर पंधरा दिवसांचं मोजमाप मला कळव. दिवाळीच्या सुमारास अंगावर धरलं तर एखादी छोटी, हलक्या नवरदेवाची वरात घेता येईल. नाही धरलं तर या सालच्या सुपाऱ्या दुसऱ्या घोडीला दे, आणि घरच्यांशी मी स्वतः बोलते.