मित्र सूत्रकृमी : शिदोरी संपण्यापूर्वी वापरा

सूत्रकृमी म्हटले की मुळांवरच्या गाठी आठवतात. परंतु किडींना मारणारे मित्र सूत्रकृमीही असतात. नेर तालुक्यात सोयाबीन, भुईमुगाच्या मुळांवर हुमणी (उन्नी) आढळल्यास त्यांचा उपयोग करता येतो. यातील हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका ही जात १९९२ मध्ये कोईम्बतूर येथील नमुन्यांवरून प्रथम नोंदली गेली. तिची पाण्यात मिसळणारी भुकटी मिळते.

कार्य कसे चालते?
पाकिटातील सूत्रकृमी तिसऱ्या अवस्थेतील असतात. ते काही खात नाहीत. अंगात साठविलेली चरबी हीच त्यांची शिदोरी. आयसोसायट्रेट लायेज व मॅलेट सिंथेज ही विकरे (एन्झाइम) या चरबीपासून साखर तयार करण्यास मदत करतात. भुईमुगाचा दाणा उगवताना तेलाची साखर होते, ती याच विकरांमुळे. अळी सापडताच सूत्रकृमी तिच्या तोंडातून किंवा श्वसनरंध्रातून आत शिरतात व सोबतचे जीवाणू सोडतात. अळी साधारण २४ ते ४८ तासांत मरते व विटकरी लाल दिसते.

पैसे वाया का जातात?
तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की विकरांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो व चरबी लवकर संपते. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत ठेवलेले पाकीट म्हणूनच जुन्या बियाण्यासारखे निकामी होते. सूत्रकृमी जिवंत असले तरी अळी शोधण्याचे बळ त्यांच्यात उरत नाही.

हे लक्षात ठेवा
१) पाकिटावरील मुदत पाहा. ते थंड जागी, सावलीत ठेवा.
२) चिमूटभर भुकटी पाण्यात टाकून दहापट भिंगाखाली पाहा. वळवळणारे सूत्रकृमी जिवंत समजावेत. बहुतेक सरळ व निश्चल असल्यास ते पाकीट वापरू नये.
३) जुलै-ऑगस्टमध्ये, अळ्या लहान असताना, एकरी सुमारे १०० कोटी सूत्रकृमी सायंकाळी मुळांजवळ द्यावेत. पंपाची बारीक जाळी काढावी.
४) जमिनीत आधी व नंतर ओलावा हवा. भारी काळ्या जमिनीत त्यांची हालचाल मंद असते, म्हणून द्रावण मुळांपर्यंत पोहोचू द्यावे.
५) कीटकनाशकात मिसळू नये.

आठवड्याने चार-पाच ठिकाणी माती उकरून लाल पडलेल्या अळ्या मोजाव्यात. अळ्या जिवंतच आढळल्यास कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊन पुढील उपाय करावा.