आधी बिशप की आधी पोलीस?

प्रश्न : माझा १० वर्षांचा भाचा चर्चमध्ये वेदीसेवक आहे. मिस्सा संपल्यावर एक फादर त्याला मागच्या खोलीत थांबवून घेतात आणि नको तिथे हात लावतात, असं त्यानं मला सांगितलं. पॅरिश कौन्सिलची मंडळी म्हणतात, आधी बिशपांच्या कानावर घालू, बाहेर बोभाटा नको. काय करू?
– एक मावशी, वसई

उत्तर : आधी पोलीस. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला हे कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे तुम्हालाही आणि त्या मंडळींनाही. गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बिशपांना जरूर सांगा, पण परवानगी मागायला नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९च्या नियमांतही देशाचा कायदा पाळण्याचं बंधन कायम आहे. ‘बोभाटा’ म्हणाल, तर मुलाची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे.

भाच्याला खोदून खोदून विचारू नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. ‘फादरांसमोर सांग बघू’ असा प्रकार तर कुणालाही करू देऊ नका. जबाब घरी देता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्याही गणवेशाविना. आईवडील सोबत बसू शकतात. पोलीस ठाण्यात जायला पाय अडखळत असतील तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

चौकशी होईपर्यंत त्या फादरांना मुलांपासून दूर ठेवण्याची मागणी लेखी करा. दुसऱ्या पॅरिशमध्ये बदली झाली, म्हणून समाधान मानू नका. तिथेही वेदीसेवक असतातच.