इथेनॉलमिश्रित पेट्रोल : अंतर व खर्च यांचा हिशेब

ऊस पिकविणाऱ्या गावांतून फिरताना अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकावयास मिळतो. "आमच्याच उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, मग आमचीच गाडी पूर्वीपेक्षा कमी का धावते?" कोणी म्हणतो की गाडीचे ॲव्हरेज पाव हिश्श्याने घटले, कोणी म्हणतो की काहीच फरक पडला नाही. दोन्ही विधाने बहुधा अंदाजाने केलेली असतात. शेतकरी पिकाचा खर्च वहीत मांडतो, त्याचप्रमाणे इंधनाचा खर्चही मांडून पाहावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

पूर्वेतिहास

मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नव्हे. आपल्या देशात १९४८ मध्येच यासंबंधी पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता. सध्याच्या योजनेचा प्रारंभ २००१ मधील प्रायोगिक प्रकल्पांनी झाला व त्यांपैकी दोन ठिकाणे, मिरज व मनमाड, आपल्याच राज्यातील होती. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचली. म्हणजे पंपावरील एक लिटर पेट्रोलात आता सुमारे २०० मिलिलिटर इथेनॉल असते.

अंतर का घटते ?

इंजिन चालते ते इंधनाच्या उष्णतेवर. एक लिटर शुद्ध पेट्रोल जळाले असता सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१ मेगाज्यूल मिळते. इथेनॉलच्या घटनेत मुळातच प्राणवायू असल्याने त्याची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच भरते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब येणेप्रमाणे :

पेट्रोल ०.८ लिटर : २५.६ मेगाज्यूल
इथेनॉल ०.२ लिटर : ४.२ मेगाज्यूल
एकूण : २९.८ मेगाज्यूल

३२ च्या तुलनेत ही घट सुमारे ७ टक्के होते. हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण केवळ उष्णता कमी पडल्यामुळे होणारी घट याहून फारशी अधिक असू शकत नाही.

इथेनॉलचा एक गुणही सांगितला पाहिजे. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच अधिक असल्याने इंजिनात ठोके पडत नाहीत. इंजिनाची रचना व ठिणगीची वेळ या इंधनास अनुरूप ठेवल्यास गमावलेल्या उष्णतेचा काही भाग भरून निघतो. म्हणूनच सर्व गाड्यांची घट सारखी नसते. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या आराखड्यात दिलेले अंदाज असे आहेत : शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या चारचाकी गाडीत घट ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांस जुळविलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के.

रुपयांत फरक किती ?

हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोलचा भाव लिटरला १०० रुपये व वर्षाची धाव ९,००० किलोमीटर धरू.

(१) शुद्ध पेट्रोलवर लिटरमागे ५० किलोमीटर धावणाऱ्या मोटारसायकलीस वर्षास १८० लिटर, म्हणजे १८,००० रुपयांचे पेट्रोल लागते. ४ टक्के घट धरल्यास ती ४८ किलोमीटर धावेल, पेट्रोल १८७.५ लिटर व खर्च १८,७५० रुपये होईल. वर्षाचा फरक ७५० रुपये, किलोमीटरमागे सुमारे ८ पैसे.

(२) शुद्ध पेट्रोलवर लिटरमागे १५ किलोमीटर धावणाऱ्या जुन्या चारचाकीस ६०० लिटर लागतात. ६ टक्के घट झाल्यास ती १४.१ किलोमीटर धावेल व सुमारे ६३८ लिटर लागतील. वर्षाचा फरक सुमारे ३,८०० रुपये.

यावरून एक सोपा नियम निघतो. अंतर जितके टक्के घटते, तितकेच टक्के मिश्रणाचा भाव कमी असेल, तरच किलोमीटरचा खर्च समान राहतो. ४ टक्के घटीस १०० रुपयांऐवजी ९६ रुपये, ६ टक्के घटीस ९४ रुपये हा समतोल भाव होय. मिश्रित इंधनाचा किरकोळ भाव कमी असावा, अशी शिफारस उपर्युक्त आराखड्यातही होती. तथापि इथेनॉल स्वस्त राहिलेले नाही. वाहतूक व कर धरून त्याचा सरासरी खरेदीखर्च जुलै २०२५ अखेर लिटरला ७१ रुपयांवर गेला होता. त्यामुळे ग्राहकास पंपावर सवलत मिळालेली नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या बाजूस, एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. साखरेस उठाव नसतो तेव्हा कारखान्यास इथेनॉलचा पैसा लवकर हाती येतो व ऊसबिले चुकती करण्यास त्याचा उपयोग होतो. हा लाभ ऊस उत्पादकाचा आहे. वाढीव इंधनखर्च मात्र कोरडवाहू शेतकऱ्यासही सोसावा लागतो. दोन्ही बाजू एकाच वहीत मांडणे न्याय्य ठरेल.

आपल्या गाडीचे ॲव्हरेज कसे मोजावे ?

१. गाडी सपाट जागी उभी करून टाकी ठराविक खुणेपर्यंत भरावी व किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा.
२. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या ओझ्यासह गाडी चालवावी.
३. शक्यतो त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा टाकी भरावी. धावलेल्या किलोमीटरांस या वेळी लागलेल्या लिटरांनी भागावे.
४. असे निदान चार वेळा करून सरासरी काढावी. एका मोजणीवर विसंबू नये.

जुन्या नोंदीशी तुलना करता घट ७ टक्क्यांच्या आत असेल, तर ती इंधनामुळे असणे संभवते. घट १५-२० टक्के आढळल्यास दोष अन्यत्र शोधावा. चाकांतील हवा, हवेची गाळणी, ढिली साखळी, घासणारा ब्रेक व ठिणगीचा प्लग तपासावा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधनाच्या मानाने हवा जास्त होऊन ओढ कमी पडते. ते जाणकार कारागिराकडून जुळवून घ्यावे.

शेतीच्या लहान यंत्रांची काळजी

फवारणीचा पेट्रोल पंप व गवत कापणी यंत्र महिनोन् महिने पडून राहतात. त्यांच्या बाबतीत ॲव्हरेजपेक्षा साठवणीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. टू-स्ट्रोक इंजिनात मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलातच राहते. तळाचा थर इंजिनात गेल्यास वंगणावाचून इंजिन जाम होण्याचा धोका असतो. म्हणून—

(अ) पेट्रोल घट्ट झाकणाच्या योग्य डब्यात, थोडेच व कामापुरते आणावे. पावसाळ्यात विशेष दक्षता घ्यावी.
(आ) हंगाम संपताच टाकी रिकामी करावी व कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चालवून मग ठेवावे.
(इ) जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या व वायसर फुगले, कडक झाले वा चिरले असल्यास बदलावेत.
(ई) नवे यंत्र वा गाडी घेताना ती २० टक्के मिश्रणास योग्य आहे काय, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

सारांश, इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने अंतर घटते हे खरे. परंतु ती घट मोजता येण्याजोगी व मर्यादित आहे. ऐकीव गोष्टींवर विसंबून घाबरू नये व तोटा नाहीच असेही मानू नये. शेतकरी बंधूंनी येत्या हंगामापासून पिकाच्या वहीत एक पान इंधनासाठी राखून ठेवावे. त्या पानावरील आकडे त्यांस योग्य तो निर्णय घेण्यास साह्यभूत होतील.