खिशातली रोजनिशी



रोजनिशीत काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे आपले आपण ठरवतो. पण आपल्या नकळत दुसरेच कुणी आपली रोजनिशी लिहीत असेल तर? असा एक प्रकार २०११ साली उघडकीस आला. तो आज आपण समजून घेऊ या.

त्या वर्षी २० एप्रिलला ॲलिस्डेअर ॲलन आणि पीट वॉर्डन या दोन संशोधकांनी अमेरिकेत दाखवून दिले, की ॲपल कंपनीच्या आयफोनमध्ये एक फाईल साठत असते. तिच्यात कित्येक महिन्यांचे अक्षांश, रेखांश आणि वेळा नोंदलेल्या होत्या. फोन संगणकाला जोडला की तिची प्रत संगणकावरही उतरे.

फोनला ठिकाण कळते कसे? उपग्रहांवरून कळते, तसेच जवळचे मोबाइल टॉवर आणि वाय-फाय यांवरूनही. प्रत्येक वाय-फाय यंत्राला स्वतःचा क्रमांक असतो. कोणता क्रमांक कुठे आहे, याची यादी कंपनी बाळगते. फोन आसपासचे क्रमांक टिपतो, यादीशी ताडून पाहतो आणि ठिकाण ओळखतो.

२७ एप्रिलला ॲपलने खुलासा केला: नोंद माणसाची नाही, आसपासच्या टॉवर व वाय-फायची आहे, मात्र ती इतके दिवस साठणे ही चूक होती. मे महिन्यात कंपनीने ही साठवण सुमारे सात दिवसांवर आणली आणि संगणकावर प्रत उतरणे बंद केले.

तरी प्रश्न उरतोच. नोंदीत नाव नसले म्हणून माणूस लपतो का? फोन रात्री थांबतो ते घर, दिवसा थांबतो ती शाळा किंवा कचेरी. ही दोन्ही ठिकाणे ज्याची आहेत, असा माणूस बहुधा एकच निघतो. मग तो कोणत्या दवाखान्यात जातो, कुणाला भेटतो, हेही कळते. म्हणून ठिकाणांची नोंद ही ओळखच आहे, असे आम्हांला वाटते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हक्क मिळाला, तरी तो जपायचा आपणच.

स्वाध्याय: आई-बाबांसोबत बसून घरच्या फोनचे सेटिंग उघडा. कोणकोणत्या ॲपला ठिकाण पाहण्याची परवानगी आहे, त्याची यादी करा. नकाशाला ती लागते. विजेरीच्या ॲपला कशाला हवी? जिथे कारण सापडणार नाही, तिथे परवानगी काढून घ्या.